नाकावाटे

धाकटी जिना चढून वर आली की बेल वाजवायची नाही. आधी दाराला कान लावायची. आत, मागच्या खोलीत, आई दादाशी बोलत असायची.

दादाला जाऊन तेव्हा दुसरं वर्ष सरत आलं होतं.

आईचं ते बोलणं म्हणजे म्हातारपणाची असंबद्ध बडबड नव्हती. ती काहीतरी विचारायची आणि थांबायची, आणि ते थांबणं नेमकं उत्तराएवढं असायचं. जेवलास का, असं विचारलं की लगेच पुढचं वाक्य, कारण जेवणाबद्दल दादा नुसता हुंकार द्यायचा. काम कुठवर आलं, असं विचारलं की मात्र लांबलचक शांतता. लाकडाचा विषय निघाला की दादाला आवरणं कुणाच्या हातात नसायचं. मध्येच आई हसायची, आणि ती कशावर हसली हे बाहेर उभ्या धाकटीला कळायचं. त्या गप्प जागा तिला वाचता यायच्या. कधी कधी इतक्या लख्ख, की दारापलीकडे कुणीतरी खाकरल्याचा भास व्हायचा आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. तरी ती हलायची नाही. दिवसभर ती त्याच घटकेची वाट पाहत असायची.

मग वहिनी दार उघडायची. तिला पावलांवरून कळायचं. ‘आलात? या,’ एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात वळायची, आणि आतलं बोलणं थांबायचं.

दादा फर्निचरला पॉलिश करायचा. घरामागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप होतं, एका दाराचं, खिडकी नसलेलं. एका दुपारी वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता, समोरच्या कपाटाकडे तोंड, हातात पॉलिशचा बोळा, डोळे उघडे. वहिनी म्हणाली, जेवून घ्या. दोनदा म्हणाली. मग तिनं डबा खाली ठेवला.

तेव्हा आई शाबूत होती. मुलाच्या उशाशी ती बसली, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलली, सुनेला तिनंच सावरलं. विसरणं त्यानंतर सुरू झालं. आधी गॅस बंद करायला, मग शेजाऱ्यांची नावं, मग कोणतं साल चालू आहे ते. आणि एका सकाळी चहाचा कप तोंडाला लावता लावता तिनं सुनेला विचारलं, हा अजून उठला नाही का?

पहिल्या काही वेळा दोघींनी खरं ते सांगितलं. दर वेळी आईला ती बातमी नवी होती. दर वेळी ती तशीच कोसळली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, हा अजून उठला नाही? शेवटी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की हे थांबवा, माणूस किती वेळा मरेल. तेव्हापासून घरात एकच उत्तर ठरलं. कामावर गेलाय. येईल.

वहिनी ते रोज सांगायची. धाकटी तिचं बिऱ्हाड वेगळं करून राहत होती, एकटी, प्रयोगशाळेच्या जवळ. ती संध्याकाळी यायची, दोन तास बसायची आणि जायची.

धाकटीचं काम एका कडू पानाच्या अर्काशी होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या मरगळलेल्या पेशींवर तो अर्क टाकला की त्या पुन्हा एकमेकींकडे धागे टाकू लागत. बशीत सगळं छान. माणसाच्या मेंदूपर्यंत तो न्यायचा कसा, हा घोळ होता. अर्क पाण्यात विरघळत नाही. गिळला तर यकृत त्याचा फडशा पाडतं. शिरेतून दिला तर मेंदूच्या वेशीवर परक्याला अडवणारा पहारा असतो, तो याला आत सोडत नाही. म्हणून धाकटी आणि तिचे सोबती तो अर्क चरबीच्या इवल्याशा कणांत बसवत, एका केसाच्या रुंदीत शेकडो कण शेजारी शेजारी मावतील एवढ्या. आणि हे कण नाकावाटे द्यायचे, कारण नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं वास कळतो, तिथं थेट मेंदूतून आलेल्या मज्जातंतूंची टोकं असतात. तिथला पहारा ढिला असतो.

सांगायला सोपं. कण गुळगुळीत झाले तर शेंबडाबरोबर वाहून जात; चिकट झाले तर पडले तिथंच बसत आणि नाक चुरचुरे. बाटलीत ठेवले की एकमेकांना मिठ्या मारून त्यांच्या गुठळ्या होत. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणायचा, आपले कण म्हणजे लग्नातले रुसके पाहुणे, बसवले तिथं बसत नाहीत आणि बसले की उठत नाहीत. धाकटीनं कित्येक चरब्या बदलून पाहिल्या. अर्क आणि चरबी स्पिरिटमध्ये विरघळवायची, ढवळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडायची, आणि पाणी एकदम निळसर दुधाळ झालं की श्वास रोखून पाहत राहायचं. मग सावकाश स्पिरिट उडून जाऊ द्यायचं. एक मिश्रण शेवटी टिकलं. ते न फुटता राहिलं, प्राण्यांत पास झालं, आणि विसरण्याच्या आजाराच्या मोजक्या रुग्णांवर वापरून बघायला हॉस्पिटलला परवानगी मिळाली.

एक गंमत होती, म्हटली तर. नाकावर एवढं काम करणाऱ्या धाकटीला स्वतःला वास येत नसे. काही वर्षांपूर्वीच्या एका तापात तो गेला तो परत आला नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला धूर दिसल्यावर कळायचं.

आईला त्या चाचणीत घालायचं वहिनीनं ठरवलं. स्वतःच हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारून आली आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं.  धाकटी म्हणाली, औषध अजून कच्चं आहे, आई थकलेली आहे, कशाला उगाच. वहिनी देठं खुडत राहिली. मग धाकटी खरं बोलली.

"वहिनी, आई सुखात आहे गं. तिच्या लेखी दादा आहे. ती परत आठवायला लागली तर काय आठवेल, सांग ना?"

वहिनीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"या घरात ते फक्त माझ्यापुरते गेलेत, वन्सं. आईंना ते कामावर गेलेले असतात. तुम्ही दाराबाहेर उभ्या राहून त्यांचं बोलणं ऐकता, मला ठाऊक आहे. तुम्हालाही ते थोडे थोडे मिळतात. मला काय मिळतं? मी रोज निरोप सांगते. रडायचं झालं तर नळ सोडून रडते. मला कुणीतरी सोबत हवंय, दुसरं काही नको."

धाकटीनं खाली ठेवलेली जुडी ओढून घेतली आणि देठं खुडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्पिटलला कळवलं की रुग्ण माझी आई आहे. डॉक्टरीणबाईंनी अट घातली: तुम्ही थेंब घालायचे नाहीत, तपासणीच्या वेळी खोलीत थांबायचं नाही. धाकटी हो म्हणाली. मनातून तिला ते बरंच वाटलं.

थेंब सकाळी घालायचे असत. आई पलंगावर मान मागे टाकून पडायची आणि वहिनी उशाशी बसून नाकपुडीत एक एक थेंब सोडायची. आईला ते मुळीच आवडत नसे. नाकात मुंगी गेली, म्हणायची. सुरुवातीला काही झालं नाही. आई तशीच विचारायची, वहिनी तसंच सांगायची, आणि संध्याकाळी मागच्या खोलीत दादा उत्तरं देत राहायचा. धाकटीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. आपलंच औषध लागू पडू नये असं वाटणारी ती एकटीच असेल.

मग आई हुंगायला लागली.

एका संध्याकाळी धाकटी आत आली, चपला काढल्या, आणि आई मागच्या खोलीतून भिंतीला धरत बाहेर आली. मान उंच, नाकपुड्या फुललेल्या. ती धाकटीकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे, अर्ध्या उघड्या दाराकडे पाहत होती.

"आलाय तो," ती म्हणाली. "पॉलिशचा वास आलाय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. धाकटीनं तिचा चेहरा पाहिला आणि ओळखलं की वहिनीलाही तो वास येतोय.

त्यानंतर हे रोजचं झालं. दिवे लागायच्या सुमाराला आई उठायची आणि त्याला शोधायची. पडद्यामागे बघायची. न्हाणीघराचं दार ढकलायची. कपाट उघडून त्याच्या शर्टांत तोंड खुपसायची आणि मान हलवायची, इथं नाही. आत्ता तर होता, म्हणायची, आत्ता इथून गेला. आता तिच्या बोलण्यात गप्पा नसायच्या, नुसतं विचारणं असायचं. का लपतोस? काय केलंय मी? धाकटी तिला हाताला धरून पलंगाशी न्यायची. आणि आई झोपल्यावर वहिनीची नजर चुकवून ती बोळकांडीत उभी राहायची, डोळे मिटून, नाक वर करून. श्वास ओढायची, ओढायची, छाती दुखेपर्यंत. काहीच यायचं नाही. थंड हवा आत जायची आणि थंड हवाच बाहेर यायची. घरातल्या दोघींना तो सापडत होता. त्याची सख्खी बहीण तेवढी दाराबाहेर राहिली होती.

एकदा अशीच उभी असताना तिला बंद खोलीत स्टूल सरकल्यासारखा आवाज आला. लाकडाचा पाय फरशीवर घासल्याचा, आखूड. त्या घरात स्टूल नव्हतं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. प्रयोगशाळेत मात्र तिच्या चुका वाढल्या. धार सोडताना हात थबकायचा आणि कणांची गुठळी व्हायची. चष्मेवाला म्हणाला, तुम्हाला रजेची गरज आहे, बाई. तिनं रजा घेतली नाही, कारण रजेत करायचं काय.

खुलासा वहिनीनंच केला, तोही आठवडा दोन आठवडे मनात ठेवून. धाकटी निघाली होती, वहिनी तिच्यामागे जिन्यापर्यंत आली.

"वन्सं, राग नका मानू. तो वास तुम्हाला येतो. म्हणजे तुमच्या अंगाला येतो. तुमच्या कामावरच्या स्पिरिटचा. ते पॉलिशची लाख स्पिरिटमध्येच विरघळवायचे ना. आईंना आधी कळत नसे, थेंबांनी त्यांचं नाक जागं झालं. तुम्हाला कळत नाही, म्हणून मी बोलले नाही. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही यायच्या बंद व्हाल."

धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे रोज संध्याकाळी ती स्वतःच त्याला घेऊन येत होती. ओढणीत, केसांत, बाह्यांत. तिच्या पाठोपाठ तो घरात शिरायचा आणि आई शोधायला उठायची, आणि धाकटी निघून गेली की तो जायचा.

दुसऱ्या दिवसापासून ती आधी स्वतःच्या बिऱ्हाडी जायची, केसांवरून आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायची आणि मग यायची. आईचं शोधणं थांबलं. हुंगणं थांबलं. आणि मागच्या खोलीतलं बोलणंही थांबलं. धाकटी दाराला कान लावायची, तर आत घड्याळाशिवाय काही नसायचं. आई खिडकीशी बसून असायची, ओठ घट्ट मिटून, काहीतरी आठवत असल्यासारखी, किंवा काहीतरी आठवू नये म्हणून जोर लावल्यासारखी.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटी लवकर आली होती. थेंब घालून झाले होते. आई उशीवर मान टाकून छताकडे पाहत पडली होती, वहिनी बाटलीचं बूच लावत होती.

"त्याच्या हातात बोळा होता," आई म्हणाली.

वहिनीचा हात थांबला.

"तू डबा घेऊन गेलीस. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तू गल्लीतून पळत आलीस, पायात चप्पल नव्हती. मला तेव्हाच कळलं." आईनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. "केवढी वाळलीस गं. इतके दिवस एकटीनं काढलेस?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. मग वाकली, आणि तिनं सासूच्या छातीवर डोकं टेकलं. ती जे रडली ते नळ सोडून रडण्यातलं नव्हतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिचेही डोळे कानापर्यंत वाहत राहिले. धाकटी दारातच उभी होती. आत जावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही. त्या दोघींमध्ये त्या घटकेला एक माणूस मेला होता, आणि तिच्याजवळ तो अजून मरायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईला ते आठवलं. तिसऱ्या दिवशीही. घरावर शोककळा पसरली, जुन्या मरणाची नवी. आई जेवेना. दादाचे शर्ट काढून घड्या घालायची, परत मोडायची. धाकटीला ते बघवेना. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, थेंब बंद करा, तिचे हाल होताहेत. डॉक्टरीणबाई तपासण्यांवर खूश होत्या. आईला तारीख सांगता येत होती, कागदावर घड्याळाचं चित्र काढता येत होतं. पण त्यांनी धाकटीचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इतके दिवस तुमच्या आईला काही विचारण्यात अर्थ नव्हता. आता आहे. त्यांनाच विचारा.

धाकटीनं विचारलं. आई खिडकीशी होती. धाकटी तिच्या पायाशी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि तिनं गुंडाळून न ठेवता सांगितलं: थेंब थांबवले तर तू पुन्हा विसरशील. दादा आहे असं वाटेल तुला. पहिल्यासारखं.

"पहिल्यासारखं म्हणजे कसं, तुला माहितेय का?" आईनं विचारलं.

"तू त्याच्याशी बोलायचीस. हसायचीस."

"आणि तुम्हाला वाटायचं, मी सुखात आहे." आईनं खिडकीकडची मान तिच्याकडे वळवली. "अगं, तो समोर नाही हे मला कळायचं. म्हणून तर सारखी बोलायचे. गप्प बसले असते तर खोलीत कुणी नाही हे पक्कं झालं असतं. संध्याकाळ झाली की दाराकडे डोळे लागायचे. हा आला नाही. कुणी काही सांगत नाही. तुम्हा दोघींचे चेहरे काहीतरी लपवणारे. काय झालंय ते आठवायचं नाही, पण भीती तेवढी आठवायची. रोज वाटायचं, आज याचं काहीतरी बरंवाईट झालंय. रोज." तिनं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता भीती गेली. आता दुःख आहे. दुःखाशेजारी बसता येतं, धाकटे. भीतीशेजारी नाही बसता येत. थेंब चालू ठेव."

थेंब चालू राहिले. हळूहळू आई जेवायला लागली. सासूसुना दुपारी बसून दादाबद्दल बोलायच्या, त्याच्या खोड्या, त्याचा तापटपणा, एकदा गिऱ्हाइकाच्या टेबलावर चुकून गडद रंग चढवला आणि तेच हवं होतं असं गिऱ्हाइकालाच पटवून दिलं ती हकिकत. दोघी हसायच्यासुद्धा.

धाकटी मात्र त्या घरात फिरकायची ती चोरासारखी. सगळ्यांत वाईट म्हणजे ते आवाज थांबले नव्हते. आई गप्प झाली तसे ते वाढलेच म्हणा. जिन्यात तिच्या मागून कुणीतरी चढायचं आणि ती थांबली की थांबायचं. बंद खोलीत खाकरणं ऐकू यायचं. दादाशी बोलायचं आईनं सोडून दिलं होतं, आणि तो रिकामा झाल्यासारखा आता धाकटीकडे आला होता. एका संध्याकाळी ती मागच्या खोलीत दिवा न लावता बसली होती आणि हळू आवाजात त्याला सांगत होती, कण टिकले रे, आईला गुण आला. आणि थांबत होती. नेमकी उत्तराएवढी.

"कुणाशी बोलतेस?" दारातून आईनं विचारलं.

 आई आत आली, चाचपडत तिच्याजवळ बसली.

"तू त्याला पाहिलंस का गं शेवटचं?"

नव्हतं पाहिलं. ती तेव्हा परगावी होती, परिषदेत. पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. वर्कशॉपला कुलूप लागलेलं होतं, आणि त्या गल्लीतून ती नंतर कधी गेलीच नाही. लांबून वळसा घालून यायची.

"म्हणजे तुझ्यासाठी तो अजून कामावरच आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. "चल. आपण बघून येऊ."

त्या रविवारी भर उन्हात तिघी वर्कशॉपवर गेल्या. किल्ली वहिनीकडे होती. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून बराच वेळ खटपट केल्यावर उघडलं. आई आधी आत गेली, मग वहिनी. धाकटी उंबऱ्याबाहेर. उन्हातून आल्यामुळे तिला आत नुसता काळोख दिसत होता, आणि त्या काळोखात काय बसलेलं असेल या भीतीनं ती चौकट धरून उभी होती. वहिनीनं हात धरून तिला आत घेतलं.

स्टूल होतं. त्यावर कुणी नव्हतं. समोर ते कपाट उभं, अर्धं गुळगुळीत, अर्धं कोरडं. ज्याचं होतं तो न्यायला आलाच नव्हता. आईनं धाकटीचं बोट धरलं आणि लाकडावरून ओढत नेलं, गुळगुळीत भागावरून कोरड्या भागाकडे. एका जागी बोट अडखळलं. एक कड होती, बारीकशी, वाळलेल्या पॉलिशची.

"इथं हात थांबला त्याचा," आई म्हणाली.

धाकटीनं ती कड पुन्हा चाचपली. मग खाली बसली, धुळीतच, आणि तिनं जे आवरून धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दोघी तिच्याजवळ उभ्या होत्या, कुणी गप्प हो म्हटलं नाही.

नंतर, डोळे पुसून झाल्यावर, तिनं विचारलं, "इथं कसला वास येतोय?" तिला वाटलं, निदान त्या सांगतील.

वहिनीनं श्वास घेतला. फळीवरच्या बाटल्या एकेक उघडून नाकाशी धरल्या. स्पिरिट कधीच उडून गेलं होतं, तळाशी तपकिरी पापुद्रा उरला होता. "धुळीचा," ती म्हणाली. "उंदरांचा. पॉलिशचा नाही येत." आणि जरा थांबून, जणू स्वतःशीच, "घरी मात्र यायचा. तुम्ही कपडे बदलून यायला लागलात त्यानंतरही. आईंना नाही सांगितलं मी. कालपर्यंत यायचा."

 वहिनीनं दार सताड उघडं ठेवलं, आणि कोपऱ्यातला केर काढायला घेतला.

त्या दिवसानंतर धाकटीला जिन्यात कुणाची चाहूल लागली नाही. तिला त्याचंही वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं झोप उडवणारं नव्हतं.

पुढं चाचणीचे निकाल आले. काहींना गुण आला होता, काहींना अजिबात नाही, आणि ज्यांना आला त्यांचाही कायम टिकत नव्हता. चष्मेवाला हिरमुसला. धाकटीनं पुन्हा नव्या चरबीचे कण करायला घेतले, आता पूर्वीपेक्षा शांत हातानं. आईला थेंबांनी एक चांगला काळ दिला. मग ती पुन्हा निसटू लागली, थेंब चालू असतानाच. तारीख गेली, घड्याळ गेलं, एके दिवशी धाकटीला तिनं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात, असं विचारलं. पण दिवेलागणीला ती आता उठत नसे. दाराकडे पाहत नसे. कुणाचीच वाट पाहत नसे.

वहिनीनं एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली होती. एका संध्याकाळी ती थकून आली, आईजवळ पलंगावर बसली, आणि कुणास ठाऊक का, आईनं तिचा हात हातात घेऊन न्याहाळला.

"पोरी, तुझं कुणी गेलंय का?" आईनं विचारलं.

धाकटी स्वयंपाकघरात होती. तिनं गॅस बारीक केला.

"हो," वहिनी म्हणाली. "नवरा."

"अरेरे. चांगला होता?"

"चांगला होता. तापट होता जरा. पण चांगला होता."

आईचे डोळे भरून आले, परक्याच्या दुःखानं भरून येतात तसे. ती सरकली, आपल्या शेजारी उशीला जागा केली आणि म्हणाली, "ये, टेक इथं. सांग मला त्याच्याबद्दल."

वहिनी आडवी झाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.